पहिली ओळ

सिस्टरने हातातली जड पिशवी त्याच्या कीबोर्डवर ठेवली आणि म्हणाली, "तुमच्या यादीत नव्हते ते." पिशवीखाली कुठलंतरी बटण दाबलं गेलं आणि पडद्यावर एकच अक्षर उमटायला लागलं, ओळीमागून ओळ, न थांबता. तो ते बघत राहिला. पिशवी उचलावी हे त्याला सुचलंच नाही. सिस्टर जे सांगत होती ते कानात शिरत होतं, पण आत जाऊन बसत नव्हतं, ओळख नसलेल्या पाहुण्यासारखं दारातच घुटमळत होतं. तिला आज चौथ्या मजल्यावर जायचं होतं. लिफ्ट बंद. जिना चढताना तिने मजले मोजले आणि तिसऱ्यालाच चौथा म्हणाली, कारण तिच्या गुडघ्यांचा हिशोब वेगळा असतो. घंटा वाजवली. आतून कोणीतरी अगदी सभ्य आवाजात म्हणालं, "माफ करा, दार उघडता येणार नाही." सिस्टर म्हणाली, मी सोबत योजनेकडून आलेय. आतला आवाज म्हणाला, "मग तुम्हाला वरचा मजला हवा असेल." असे दोनचार निरोप इकडून तिकडे झाल्यावर तिला संशय आला, की हा आवाज माणसाच्या उंचीवरून येत नाहीये, फटीतून, जमिनीलगत येतोय. वॉचमनला बोलावून दार फोडलं. न्हाणीघर आणि पलंग यांच्यामध्ये एक म्हातारे गृहस्थ आडवे होते. खुब्याचं हाड मोडलेलं. सोमवारपासून. आज गुरुवार. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे म्हणे, घरभर घड्याळं, आणि सगळी बरोबर चालणारी. "आणि फोन?" त्याने विचारलं. काहीतरी विचारायला हवं म्हणून. सिस्टर त्याच्याकडे बघून म्हणाली, "फोन होता ना. खिशातच. रोज सकाळी मुलाचा फोन येतो. तिन्ही दिवस आला. तिन्ही दिवस घेतला त्यांनी. मुलगा विचारतो बरे आहात ना, हे म्हणतात बरा आहे." तिने पिशवी उचलली. पडद्यावरचं अक्षर थांबलं. "मी म्हटलं, अहो, का नाही सांगितलंत? तर म्हणतात, तो त्या वेळी ऑफिसात असतो."

त्याला हसू आलं. ते का आलं हे त्याला नंतरही कळलं नाही, पण आलं खरं, ओठांच्या एका कोपऱ्यापर्यंत, आणि तिथेच गोठलं. मग हाताने आपोआप सवयीचं काम केलं. त्याने घड्याळजींचा नंबर टाकला आणि यंत्राने त्यांना दिलेला एकटेपणाचा गुण बघितला. शंभरपैकी तीन. शंभर म्हणजे एकदम एकटा, शून्य म्हणजे सुखात. तीन म्हणजे जवळजवळ लग्नघरच. "बरोबर आहे," तो म्हणाला. बोलून गेल्यावर त्याने स्वतःचाच आवाज ऐकला. सिस्टर दाराशी गेली आणि तिथून म्हणाली, "तुमचं नेहमी बरोबरच असतं हो. चुकले मी, म्हणून सापडले ते."

सोबत योजनेचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, सहा टेबलं, एक पांढरा फळा आणि पाणी प्यायचं एक यंत्र, ज्यातून गरम पाण्याच्या नळाला गार आणि गार पाण्याच्या नळाला काहीच यायचं नाही. शहरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची संख्या चार हजार तीनशे, आणि त्यांच्याकडे जाऊन बसणाऱ्या, बीपी बघणाऱ्या, चार शब्द बोलणाऱ्या सिस्टर चार. कोणाकडे आधी जायचं हे पूर्वी माणसं ठरवायची. त्यामुळे एका नगरसेवकाच्या सासूबाईंचं ब्लडप्रेशर आठवड्यातून तीनदा मोजलं जायचं आणि दर वेळी ते आदल्या खेपेपेक्षा वाढलेलं निघायचं. मग योजनेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, वशिला नको, यंत्र हवं. यंत्राला सासू नसते. तसा यंत्र बसवायला तो आला. त्याने यंत्राला सांगितलं, कमीत कमी वेळात जास्तीत जास्त भेटी झाल्या पाहिजेत. यंत्र मन लावून कामाला लागलं आणि दोन आठवड्यांत त्याला शोध लागला, की सगळ्यात कमी वेळ बंद दाराला लागतो. घंटा वाजवा, थांबा, पुढे चला. यंत्राने शहरातली बंद घरं हुडकून काढली. कोणी मुलीकडे राहायला गेलेलं, कोणी दवाखान्यात, कोणी तर कायमचंच गेलेलं. चौघी सिस्टर दिवसाला चाळीस चाळीस दारं वाजवून येत होत्या. भेटींचा उच्चांक मोडला. मॅडमनी केक आणला, त्यावर क्रीमने 'शहाण्णव टक्के' लिहिलं होतं, आणि कोपऱ्यातल्या टेबलावरचा सहकारी, ज्याला सगळे सरासरी म्हणायचे, त्याने सहा जणांत केकचे सहा अगदी सारखे तुकडे करून दाखवले. चूक सापडल्यावर त्याने यंत्राला सांगितलं, उघड्या दारांच्याच भेटी धर, आणि चालणं कमी कर. यंत्राने एक जिना शोधला. त्या एका जिन्यावर अकरा म्हातारे राहत होते. सिस्टरला दिवसातून तीनदा तिथे पाठवलं जायला लागलं. ते अकराही जण दुपारी एकत्र पत्ते खेळत आणि त्यांना कित्येक दिवस बारावा भिडू मिळत नव्हता. तो मिळाला. या गोष्टी सांगून तो परिषदांमध्ये लोकांना हसवायचा. लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे, आणि मग तो म्हणायचा, "पण यंत्र चुकांमधून शिकतं." ते वाक्य आत्ता त्याला तोंडात राहिलेल्या औषधाच्या गोळीसारखं कडू लागलं.

प्रोग्राममध्ये एक बटण होतं, त्यानेच बसवलेलं. 'यांच्यासारखं आणखी कोण'. एखाद्या म्हाताऱ्याचं नाव घ्यायचं आणि बटण दाबायचं, की सगळ्या आकड्यांत त्याच्या सगळ्यात जवळचा माणूस कोण, हे यंत्र सांगतं. आता तीन गुणांचा माणूस तीन दिवस जमिनीवर पडून राहत असेल तर त्याच्यासारखा दुसरा कोण, हे बघायला हवं. हे त्याला डोक्याने सांगितलं नाही, बोटाने सांगितलं. त्याने बटण दाबलं. यंत्राने पाऊण सेकंद विचार केला. मग लिहून आलं: ओळ क्रमांक एक.

त्याने खुर्ची मागे सरकवली. ती भिंतीला लागली. ओळ क्रमांक एक म्हणजे कोण हे या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. फळ्यावर वर्षभरापासून लाल अक्षरात लिहिलेलं होतं आणि भोवती गोल काढलेला होता, 'पहिली ओळ शून्यावर आलीच पाहिजे'. साफ करणाऱ्या बाई रोज फळा पुसायच्या, पण तेवढा गोल सोडून, इतक्या जपून, की त्याच्याभोवती आता करड्या धुळीची एक कड तयार झाली होती. पहिली ओळ म्हणजे त्याची आई.

त्याला तो दिवस स्वच्छ आठवला. यंत्राला शिकवायचं म्हणजे उदाहरणं द्यायची, हा एकटा, हा एकटा नाही. एकट्या माणसांची चाळीस नावं सिस्टरनी डोळे मिटून दिली. पण जो एकटा नाही, अगदी पक्का नाही, असा एक माणूस हवा होता. सरासरी म्हणाला होता, "शून्य कुठे ते ठरल्याशिवाय पट्टी कशी करणार? कोणीतरी सुखी म्हातारं आणा." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आणि तो म्हणाला होता, किती सहज म्हणाला होता, "माझी आई घ्या. ठणठणीत आहे. रोज बोलतो मी." फॉर्मही त्यानेच भरला. आठवड्यातून किती वेळा कोणी भेटायला येतं, तिथे त्याने सात लिहिलं. रोज फोन होतो, फोन म्हणजे भेटच, ढोबळ मानाने. त्या 'ढोबळ मानाने'चं त्याला तेव्हा काही वाटलं नव्हतं. पहिल्यांदा यंत्र चालवलं तेव्हा चार हजार तीनशे लोकांत आई अकरावी आली. वरून अकरावी. खोलीत हशा पिकला. "बघा, यंत्राला काडीची अक्कल नाही," तो म्हणाला होता, आणि मग अक्कल घालायला बसला. कुठल्या कॉलममुळे आई वर जाते ते शोधलं. फोन किती वेळ चालतो, हा कॉलम. तिचे फोन सरासरी अडतीस सेकंद. बरं मग? काही लोक मुद्द्याचं बोलतात. कॉलम काढला. आई साठावी आली. लिफ्टचं कार्ड, आठवड्यातून एकदाच खाली. म्हातारपणी कोण वरखाली करतं? काढला. मग विजेचा मीटर, टीव्ही सकाळपासून झोपेपर्यंत चालू. टीव्ही सगळेच बघतात. काढला. मग दवाखाना, वर्षात अकरा खेपा, अकराही वेळा काही निघालं नाही. तब्येतीला जपते, चांगलंच आहे. काढला. शेवटचा कॉलम महापालिकेच्या चौकशीच्या फोनचा. आई आठवड्यातून दोनदा फोन करून विचारायची, पाणी कधी येणार. पाणी गेलेलं नसताना. त्यावर मात्र तो थोडा थांबला होता. थांबला होता हे त्याला आत्ता आठवलं. दुपारची वेळ होती, सरासरी मागे उभा राहून संत्रं सोलत होता आणि म्हणाला होता, "गोंगाट आहे हा, अर्थ नसलेले आकडे. डेटात गोंगाट असतोच. काढ." काढला. आई बरोब्बर शून्यावर आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चाळीस एकटे लोक अजूनही वरच होते, कारण त्यांना फोनच येत नव्हते. खाली कोण कोण बुडालं ते कोणी बघितलं नाही. ज्यांचे मुलगे रोज अडतीस सेकंद बोलतात, ते सगळे म्हातारे सुखी ठरले, एका दुपारीत, संत्र्याच्या वासात.

तो मोबाइल घेऊन बाहेर व्हरांड्यात गेला. आज सकाळी नऊ दहाला त्याने आईला फोन केला होता. बरी आहेस ना. बरी आहे. जेवण वेळेवर घे. हो. ठेवू? ठेव. तिचा आवाज कसा होता? त्याने आठवायचा प्रयत्न केला आणि त्याच्या लक्षात आलं की तो आवाज आजचा आहे का कालचा, की गेल्या वर्षीचा, हे त्याला सांगता येत नाहीये. सगळे फोन एकावर एक रचून ठेवलेल्या ताटल्यांसारखे. त्याने नंबर लावला. चार वेळा वाजलं. पाच. सहा.

"काय रे?"

"बरी आहेस ना?"

"बरी आहे. सकाळी सांगितलं की."

"उभी आहेस का?"

"म्हणजे?"

"म्हणजे आत्ता, उभी आहेस, का बसलीयस, का... कुठे आहेस?"

"घरात आहे. आता फोनवर कवायत करून दाखवू का? कामं कर तुझी," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला. त्याने पडद्यावर बघितलं. एकवीस सेकंद. ती बरी आहे म्हणाली. तेही बरा आहे म्हणाले होते. त्याच्या यंत्राला या दोन वाक्यांत काही फरक दिसत नव्हता, आणि आता त्यालाही दिसत नव्हता.

आत आला तर मॅडम त्याच्या टेबलाशी उभ्या. मॅडम नेहमी उभ्या असत, उभ्याने बोललं की वेळ कमी लागतो असं त्यांचं मत होतं. "चार वाजता वरती मीटिंग आहे. मुलगा तक्रार करतोय. आपण काय सांगायचं ते ठरवलंय मी. मशीनची चूक."

"मशीनची नाही मॅडम."

"मग कोणाची?"

मॅडमनी आवाज खाली आणला. "हे बघा, माणसाची चूक म्हटली की लगेच विचारतात माणूस कोण. मशीनची म्हटली की कोणी विचारत नाही मशीन कोण. पत्रक टाइप होतंय. तुम्ही फक्त मान हलवा." सरासरी आपल्या टेबलावरून म्हणाला, "चार हजार तीनशेत एक म्हणजे टक्क्याचा तेविसावा... नाही, त्रेचाळिसावा भाग, म्हणजे तसं बघितलं तर..." आणि कोणीच तसं बघेना तेव्हा तो पुन्हा आकडे जुळवायला लागला. एवढ्यात मोबाइलवर सिस्टरचा निरोप आला. ऑपरेशन संध्याकाळी आहे, मुलगा आलाय, चाळीस मिनिटांवरच राहतो, आणि घड्याळजी त्याला एकसारखे म्हणतायत, तू जा ऑफिसला, मी बरा आहे. त्याने निरोप दोनदा वाचला. मग टेबलाच्या खणातून एक कोरा फॉर्म काढला, घडी करून खिशात घातला आणि कोणाला काही न सांगता जिना उतरला.

आईचं घर बसने चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटं हे अंतर मोठं चमत्कारिक असतं. इतकं लांब नाही की सुट्टी टाकून जावं, इतकं जवळ नाही की सहज डोकवावं. बायको म्हणायची, जाऊन ये की एकदा. तो म्हणायचा, रविवारी जातो. रविवार यायचा आणि आठवड्याची धुणी, गाडीची कटकट, कोणाचातरी वाढदिवस, यांत बुडून जायचा. बसमध्ये खिडकीशी बसून त्याने आठवून बघितलं, शेवटचं कधी. उन्हाळा होता. का थंडी? तिच्या अंगात स्वेटर होता का? डोळ्यासमोर जो स्वेटर आला तो निळा होता, आणि तो तिने शाळेत शिकवताना घातलेला होता, तो स्वतः सातवीत असताना. त्याच्याच वर्गाला ती गणित शिकवायची. घरी आई, शाळेत बाई. वर्गात ती त्याला हजेरीच्या नंबरानेच हाक मारायची, सतरा, उभा राहा. त्या वर्षी पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर उत्तरं छापलेली असत, आणि तो आधी उत्तर बघायचा, मग त्या उत्तरापर्यंत नीट पोचतील अशा पायऱ्या मागून पुढे बांधायचा. एकदा पुस्तकात उत्तरच चुकीचं छापलेलं होतं. सगळ्या वर्गाचं गणित वेगळं आलं, एकट्या सतराचं पुस्तकासारखं. तिने वही उघडली, एकदा पायऱ्यांवरून बोट फिरवलं आणि लाल पेनाने मोठं शून्य काढलं. "उत्तर आधी ठरवून गणित मांडलंस," ती म्हणाली. रागावली नाही. घरी आल्यावर गरम वाढलं, पाठीवरून हात फिरवला, पण शून्याचा अर्धासुद्धा केला नाही. तो रडून म्हणाला होता, पण माझ्या पायऱ्या सगळ्या जुळतात. ती म्हणाली होती, "जुळवल्या की जुळतातच." बस थांबली, चालली, थांबली. समोरच्या सीटवर एक म्हातारी बाई मोबाइल कानाला लावून म्हणत होती, हो, बरी आहे, हो, ठेव. त्याने तोंड फिरवलं.

तिसऱ्या मजल्यापर्यंत तो धावतच गेला. घंटा वाजवायची नाही असं त्याने बसमध्येच ठरवलं होतं. पडली असेल तर घंटेने तिची उगाच तारांबळ होईल. त्याच्याकडे किल्ली होती. जुडग्यात पाच किल्ल्या होत्या आणि आईच्या घराची कुठली हे तो विसरला होता, म्हणून त्याने पहिली लावली. जाईना. दुसरी जाईना. घामाने हात ओले. तिसरी अर्धी गेली आणि अडकली. ती त्याच्याच ऑफिसच्या कपाटाची निघाली. ती ओढून काढली आणि उरलेल्या दोन लावल्या. पाचही झाल्या. मग त्याने कुलपाकडे बघितलं. ते त्याच्या ओळखीचं नव्हतं. पितळी होतं, नवं, आणि नवंसुद्धा जुनं व्हायला लागलेलं, किल्लीच्या भोकाभोवती वापराच्या बारीक रेघा पडलेल्या. तेव्हा आतून आवाज आला. टक्. मग काहीतरी घासत आल्यासारखं. मग पुन्हा टक्. या घरात हा आवाज कधीच नव्हता. तो या घरात वाढला होता, इथल्या नळाचा, पंख्याचा, दाराच्या बिजागरीचा आवाज त्याला झोपेतही ओळखता आला असता. टक्, आणि घासणं. तो दाराला कान लावून उभा राहिला आणि त्याला वाटलं, आत कोणीतरी परकं आहे.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"अगं, मी."

कडी निघायला बराच वेळ लागला. दार उघडलं. आई उभी होती. उभी होती, हे त्याने आधी बघितलं. मग तिच्या हातांत धरलेली ती चार पायांची ॲल्युमिनियमची चौकट बघितली. आई त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडत चालला होता.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कोणी नाही."

"मग गुरुवारी दुपारी तू इथे कसा?"

त्याने चौकटीकडे बोट केलं. "हे काय, वॉकर? हे कधी?"

"दोन महिने झाले. न्हाणीघरात पाय सरकला. काही नाही, अर्धा तास बसून राहिले आणि मग धरत धरत उठले." ती वळली, टक्, घासणं, टक्. "तुझा फोन आला होता त्या दिवशी. सांगितलं ना तुला."

"काय सांगितलंस?"

"बरी आहे म्हणून. तोवर उठले होते की."

तो दारातच उभा राहिला. "कुलूप?"

"किल्ली आत मोडली. आठ महिने होतील. तुझी वेगळी करून ठेवलीय, बघ तिथे." दाराशेजारच्या खिळ्यावर एक किल्ली टांगलेली होती, लाल दोऱ्यात ओवलेली, दुकानातून आली तशी चकचकीत. तिच्यावर एकही रेघ नव्हती. ती किल्ली त्याने हातात घेतली आणि तो खुर्चीत बसला. आईने टीव्हीचा आवाज बंद केला, चित्र चालूच ठेवलं. सगळं जागच्या जागी होतं, टेबलावरचा कपडा, चष्म्याचं घर, खिडकीतली दोन रोपं. फक्त स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता, आणि त्यावर त्याच्या योजनेचं बोधचिन्ह होतं, दोन हात एकमेकांत गुंफलेले. ते पत्र त्यानेच लिहिलं होतं. ते चार हजार तीनशे घरी गेलं होतं, फक्त आकडा बदलून. 'आपले गुण: ०. अभिनंदन. आपल्याला सध्या भेटीची गरज नाही.'

"आयुष्यात पहिल्यांदा शून्य मिळालं मला," आई पाठीमागून म्हणाली, "आणि वर अभिनंदन. मी फोन केला तुझ्या ऑफिसात. म्हटलं काहीतरी चुकलं असेल, तपासा. ती मुलगी म्हणाली, आजी, तुम्ही चार हजारांत सगळ्यात शेवटी आहात, लोक तरसतात. मी म्हटलं, उत्तर नको, पायऱ्या दाखवा. तर म्हणाली, पायऱ्या मशीनच्या आत असतात."

"मला का नाही विचारलंस?"

"तू ऑफिसात असतोस," आई म्हणाली.

त्याने तिला सगळं सांगितलं. घड्याळजी, जमीन, खिशातला फोन, तीन दिवस, चार वाजताची मीटिंग. आई ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जो धक्का दिसायला हवा होता तो दिसेना. हीच गोष्ट त्याला सगळ्यात भयंकर वाटली. "मुलगा लांब राहत असेल," ती म्हणाली. "नाही. चाळीस मिनिटं." "हं. तेवढंच की," ती म्हणाली, जणू काही कोडं सुटलं. मग त्याने पहिल्या ओळीचं सांगितलं. सात लिहिल्याचं सांगितलं. पाच कॉलम काढल्याचं सांगितलं, एकेक करून, पाण्याच्या चौकशीचासुद्धा. तिथे ती जरा खाली बघायला लागली. "ती मुलगी छान बोलायची," ती म्हणाली. "पाणी आहे ना आजी, मग झालं तर, म्हणायची."

त्याने खिशातून फॉर्म काढला आणि टेबलावर घडी मोडून सपाट केला. भिंतीवरचं घड्याळ तीन वीस दाखवत होतं. "पुन्हा भरतो. आधी मी माझ्या मनाने भरला होता. आता तू सांग." पहिला प्रश्न त्याने वाचला, आणि हे शब्द आपणच लिहिलेत हे त्याला वाचतानाच आठवलं. "गेल्या सात दिवसांत, कामाशिवाय, केवळ भेटण्यासाठी, तुमच्याकडे कोणी किती वेळा आलं?"

आईने घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, "चार वाजता जाब द्यायचाय म्हणालास?"

"हो."

"वरच्यांसमोर?"

"हो."

"मग सात लिही."

त्याला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय?"

"आधी सात लिहिलं होतंस ना, मग सातच राहू दे. कोणी विचारायला आलं तर सांगेन मी, येतो रोज. चार वाजता येतो, चहा पितो आणि जातो. तुझी नोकरी आहे ती." ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. सकाळपासून त्याने जे काही ऐकलं होतं, दार फोडणं, हाड मोडणं, त्यातलं काही त्याच्या आत बसलं नव्हतं. हे बसलं. जिने सख्ख्या मुलाच्या वहीवर शून्य काढलं होतं आणि त्याच्या रडण्यावर अर्ध्या मार्काने हलली नव्हती, ती बाई चूक उत्तराला बरोबरची खूण करायला निघाली होती. आणि पायऱ्यासुद्धा स्वतःच जुळवून देत होती, चहासकट. हे ती गेली किती वर्षं करत होती? रोज सकाळी, नऊ दहाला, अडतीस सेकंद?

त्याने पेन उघडलं आणि चौकोनात शून्य काढलं. शून्य वर जुळलं नाही, फट राहिली. मग त्याने मॅडमना फोन लावला. त्या उभ्यानेच बोलत असणार. "मॅडम, चूक मशीनची नाही. पाच कॉलम मी काढले. पहिली ओळ माझी आई आहे, आणि तिच्याकडे कोणी येत नाही. तिच्यासारखे आणखी किती आहेत ते आजच काढायला लागेल. मी सरासरीला सांगतो, सगळे कॉलम परत घाल, आणि सिस्टरना सांगतो, पहिल्या चाळीस घरी आजच फिरा. पत्रकात माझं नाव घाला." मॅडम म्हणाल्या, "पत्रक छापून झालंय हो," आणि जरा थांबून, "तुम्ही आहात कुठे?"

"आईकडे."

"का, काय झालं त्यांना?"

"काही नाही," तो म्हणाला. मग त्याने सरासरीला फोन केला. सरासरीने एकदाही सरासरी काढली नाही, नुसतं ऐकलं, आणि शेवटी म्हणाला, "माझे बाबा कितव्या ओळीत आहेत रे?"

फोन ठेवला तेव्हा आईने चष्मा लावला होता आणि फॉर्म स्वतःकडे ओढून घेतला होता. त्या अर्धवट शून्यावर तिचं बोट होतं, वहीवर असायचं तसं.

"आजचा धर की," ती म्हणाली. "आलास ना आज. एक लिही."

"त्यात 'कामाशिवाय' म्हटलंय."

तिने पुन्हा वाचलं. "हे कोणी लिहिलंय?"

"मीच."

"बरं लिहिलंयस." तिने चष्मा काढून घरात ठेवला, घर मिटलं. "झालं का काम?"

"झालं."

"मग पेन मीट आणि बस. आत्ता काही लिहू नकोस. उठशील तेव्हा एक लिही."

त्याने पेनाला टोपण लावलं.